वांग वाढू नये म्हणून

घरात मी फार बोलत नाही. लहानपणापासून तशीच आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हाही हजेरीला माझ्या वाटचं "हजर" शेजारची पोरगी म्हणायची. लग्न होऊन धरणाच्या काठच्या या गावात आले, तर आठ दिवस सासूबाईंना वाटत होतं की आपल्या गळ्यात मुकी सून बांधली. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी नवव्या दिवशी चहा गाळता गाळता मुद्दाम माझ्या पायावर एक थेंब सांडला. मी "आई गं" म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हे त्यांनीच मला पुढं हसत हसत सांगितलं.

होडीत मात्र मी बोलते. आमची पत्र्याची होडी आहे. मालक मागं बसून वल्हं मारतात आणि मी पुढं बसून जाळं उचलते. काठापासून शंभर हात आत गेलं की माझ्या तोंडाचं झाकण आपोआप उघडतं. घरात नवराबायकोचं बोलणं म्हणजे मीठ कमी की जास्त एवढंच, आणि तेही आत्याबाई मधे बसून इकडून तिकडं पोचवणार. पाण्यावर मधे कोणी नसतं. तिथं मी गावातल्या माणसांच्या नकला करते. गिरणीवाल्याचं शिंकणं, ग्रामसेवकाचं फोनवर खोटं बोलणं, आत्याबाईंचं तंबाखू लपवणं. मालक म्हणतात, तुला गप बसवायला मासे स्वतःहून जाळ्यात येऊन राहिले.

म्हणून चेहऱ्यावर डाग आले तेव्हा डागांपेक्षा होडी सुटायची भीती मला जास्त वाटली.

डाग आधी दोन्ही गालांच्या हाडांवर आले. चहा सांडून वाळल्यासारखे. मग कपाळावर, आणि शेवटी वरच्या ओठावर असा आला की लांबून मिशीच वाटावी. मालकांच्या मिशीपेक्षा माझी ठसठशीत दिसायला लागली. गल्लीतल्या बाया माझ्याशी बोलताना डोळ्यांऐवजी ओठांकडं बघायच्या. आत्याबाईंनी चार दिवस हळद-दूध चोळून पाहिलं, पाचव्या दिवशी निकाल दिला. त्यांचं म्हणणं, हे पाण्यावरचं ऊन आहे. हिंगोलीला कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं, आणि तो ऊन म्हणाला की माझी होडी त्या दिवसापासून बंद. पुढं जाळं उचलायला चुलत दीर बसेल. चुलत दीर होडीत बसला की पाच मिनिटांत झोपतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण मी बोलले नाही. आम्ही काठावर होतो.

दवाखान्यात आत्याबाई माझ्या वतीनं बोलल्या. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून त्या उजवा कान डॉक्टरकडं करून तिरक्या बसल्या होत्या. डॉक्टर तरुण होता, शहरातलं बोलायचा. त्यानं भिंग लावून माझे गाल पाहिले, ओठ पाहिला. बाहेर एक लेकरू इंजेक्शन नको म्हणून भोकाड पसरून राहिलं होतं. डॉक्टर माझ्या गालावर बोट टेकवून म्हणाला, "हा वांग आहे. आता वांग वाढू नये म्हणून पथ्य पाळावं लागेल."

आमच्याकडं या डागांना कोणी वांग म्हणत नाही, नुसते डाग म्हणतात. बोट गालावर होतं म्हणून मला कळलं. आत्याबाईंना बोट दिसलं नाही, शब्द तेवढा ऐकू आला. वांगं वाढू नये. ताटात वांगं वाढायचं नाही. त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांना याचा आधीपासूनच संशय होता. आमच्याकडं कोणाला खाज सुटली, पुरळ आलं, गुडघा धरला, की पहिला आरोप वांग्यावर येतो. आता तर शिकलेला डॉक्टरच तेच सांगत होता. त्या लगेच उठल्या, डॉक्टरच्या पुढ्यातली लिहून झालेली चिठ्ठी उचलली आणि औषधाच्या खिडकीवर आपला नंबर आधी लागावा म्हणून बाहेर पळाल्या.

राहिलेलं सगळं डॉक्टरनं मला एकटीला सांगितलं. मासेमारी करता म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. होता होईल तो दहा ते चार उन्हात जायचंच नाही. जावंच लागलं तर पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, तोंडाला सुती फडकं. आणि नुसत्या टोपीवर भरवसा ठेवायचा नाही, कारण पाणी खालून ऊन फेकतं, हनुवटीखाली अन नाकाखाली तेच पोळतं. ढग आले तरी सूट नाही. निघायच्या आधी मलम लावायचं आणि दोन तासांनी पुन्हा, तोंडावर पाणी उडालं तर लगेच पुन्हा. "मलम दोन बोटं घ्यायचं," तो म्हणाला. "कमी नको." मी मान हलवली. हे सगळं आत्याबाईंना सांगा, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

बाहेर आत्याबाई पिशवी घेऊन उभ्याच होत्या. जीपमध्ये त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं, "वांगं वाढायचं न्हाई म्हनला डाक्टर. मी काय येगळं म्हनून राहिले व्हते?"

मी खिडकीतून बाहेर बघत बसले.   मनात म्हटलं, उद्या सांगू. पिशवीत गोळ्या होत्या, रात्री लावायची एक डबी होती आणि सकाळी लावायची एक नळी होती. त्या नळीवर भला मोठा पिवळा सूर्य काढलेला होता. आत्याबाईंना वाचता येत नाही, पण सूर्य कोणालाही ओळखू येतो. घरी पोचल्याबरोबर मी सूर्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि नळी जाळं शिवायच्या सुतळीच्या पिशवीत खाली ढकलली. त्या पिशवीत मालकही हात घालत नाहीत, सुया टोचतात.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर मालकांना सगळं सांगितलं. आत्याबाईंचा तिरका कान, मांडीवरची थाप, सगळी नक्कल करून सांगितलं. ते एवढे हसले की होडी डोलली आणि एक कटला मासा जाळ्यातून सुटून गेला. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आन आता घरात वांगं बंद?" मग त्यांचं तोंड उतरलं.

घरात वांगं खरंच बंद झालं. नुसतं माझ्या ताटातलं बंद झालं असतं तर ठीक होतं. पण आत्याबाईंचं म्हणणं, एका चुलीवर शिजलं की वाफ लागते. त्यांनी सगळ्या घराचं बंद केलं. पाऊस नुकताच संपला होता आणि परसातली काटेरी वांगी तेव्हाच धरायला लागली होती. आत्याबाईंचे दात उरलेत तीन. हिवाळ्यात त्यांचं जेवण म्हणजे चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात कच्चं तेल, कांद्याची पात आणि ज्वारीची मऊ भाकर. ती वांगी त्या रोज सकाळी तोडून शेजारी वाटून द्यायच्या. शेजारणीच्या घरातून भाजल्याचा वास आला की त्यांच्या हातातला घास तिथंच थांबायचा. मग माझ्याकडं बघून म्हणायच्या, खा, खा, भेंडी चांगली झालीय. भेंडीचे दोरे त्यांना गिळवत नसत.

मला ते बघवायचं नाही. उद्या सांगू, असं मी रोज म्हणायचे, आणि रोज पहाटे फटफटलं की होडीकडं पळायचे.

डॉक्टरचं मात्र मी सगळं पाळलं, एक सोडून. ते एक म्हणजे घरी बसणं. मालकांचा जुना पांढरा शर्ट घातला, बाह्या बोटांपर्यंत. बाजारातून शिंदीच्या पानांची टोपी आणली, तिला हनुवटीखाली नाडी लावली. तोंडाला ओढणी. आणि काठापासून आत गेलं की पिशवीतून नळी काढायची. घरी आरशात बघून लावायची सोय नव्हती आणि होडीत आरसा नव्हता. त्यातून ती दोन बोटं. आमच्या धंद्यात बोट हे रुंदीचं माप आहे. जाळ्याचं घर किती मोठं ते बोटं घालून बघतात. दोन बोटी जाळं, तीन बोटी जाळं. डॉक्टरनं दोन बोटं म्हटल्यावर मी दोन बोटं शेजारी शेजारी ठेवली आणि तेवढा रुंद ढीग काढला. दोन्ही बोटांच्या लांबीवर एकेक बारीक रेघ ओढायची, असं त्याचं म्हणणं होतं, ते फार पुढं कळलं. तो ढीग मी तोंडावर थापायचे. मालक मागून म्हणायचे, पोळ्याला गोठ्याची भिंत सारवावी तशी दिसून राहिलीस.

त्यांनाही लावायला सांगितलं. त्यांच्या नाकाचं साल दर आठवड्याला निघायचं, कानांच्या पाळ्यांवर खपल्या धरायच्या. ते म्हणाले, "मी काय नवरी हाय का?" मग एक दिवस मी त्यांच्या मानेवर माशी बसली म्हणून चापट मारली, तीत मलम होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही कानांवर माशा बसल्या. तिसऱ्या दिवसापासून ते स्वतःच मान पुढं करायला लागले. जे आपल्याला दिसत नाही ते लावलेलं मोजायचं नाही, असा त्यांनी हिशेब काढला. नाक मात्र दिसतं, म्हणून नाकाला अजून परवानगी नाही.

काठाला येताना मी ओढणीनं तोंड खसाखसा पुसायचे आणि सोज्वळ होऊन घरी जायचे.

दोन महिन्यांत डाग फिके पडले. मिशी तर जवळजवळ गेलीच. इथंच खरा घोटाळा झाला, कारण त्याचं श्रेय वांग्याला मिळालं. आत्याबाई माझी हनुवटी धरून मला गल्लीत उजेडाकडं फिरवायच्या, गाय विकायला काढल्यासारखं. बघा, वांगं सोडलं अन तोंड उजळलं. गल्लीतल्या पाच-सहा बायांनी वांगं सोडलं. एकीचे केस गळत होते, एकीच्या टाचा फुटल्या होत्या, एकीची सून माहेरून येत नव्हती, तिनंही सोडलं. डोंगरकडा गावच्या बाजारात वांगी घेऊन बसणारी आमच्याच गावची बाई आत्याबाईंशी ओट्यावर येऊन भांडून गेली. तिचं म्हणणं, माझ्या मालाला नाव ठेवायचं तुझं काय काम. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या सुनंचं त्वांड बघ, मंग बोल." ती बाई माझं तोंड बघायला लागली आणि मी पदर ओढून आत पळाले.

आता सांगायचं तर फक्त होडीचाच प्रश्न राहिला नव्हता. आत्याबाईंची सगळ्या गल्लीत इज्जत जाणार होती. मालक म्हणाले, गप रहा, वांग्याचा हंगाम संपला की आपोआप मिटतं. म्हणून आम्ही हंगाम संपायची वाट बघत बसलो.

त्यात धुकं आलं. पौषाच्या सुमाराला धरणाच्या पाण्यावर सकाळी धुकं बसतं, वल्ह्याचं टोक दिसत नाही. अशाच एका सकाळी मालक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून दुसरं जाळं बघायला लांब गेले होते आणि मी होडीत एकटी, ताजं मलम थापून, पांढऱ्या शर्टात, जाळ्याचे तरंगते फुगे बोटांवर मोजत बसले होते. काठावर धनगराची म्हातारी मेंढ्या पाण्यावर घेऊन आली होती. ती मला दिसली नाही. मी तिला दिसले.

संध्याकाळी गिरणीवर बातमी होती. पाण्यावर आसरा दिसली. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, त्यांच्या नावानं आमच्याकडं काठावर सात दगड मांडून शेंदूर लावतात. धनगराच्या म्हातारीनं शपथेवर सांगितलं, पांढरंशुभ्र तोंड, अंगात पांढरं, होडीबिडी काही नाही, पाण्यावर नुसती बसलेली आणि बोटं मोजून राहिलेली. बोटं मोजते म्हणजे दिवस मोजते, कोणाचे तरी. दळणाच्या रांगेत आत्याबाई पहिल्या होत्या. त्यांचं पीठ गरम होतं आणि हात गार पडले होते.

घरी येऊन त्यांनी मालकांना बजावलं की शुक्रवारपर्यंत पाण्यावर जपून. शुक्रवारी दुपारी त्या स्वतः आसरांची ओटी भरायला काठावर येणार होत्या. मी भाकरी थापत होते. मालक माझ्याकडं बघत नव्हते, मी त्यांच्याकडं बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर दोघंही फुटलो असतो. पाण्यावर मी आसरेची नक्कलसुद्धा केली. तेव्हा फार गंमत वाटली.

शुक्रवारी पुन्हा धुकं होतं. पहिलंच जाळं पाण्याखालच्या जुन्या बाभळीच्या खुंटाला अडकलं. धरण व्हायच्या आधी तिथं शेतं होती, खुंट अजून आहेत. मालक तराफ्यावर उतरून खुंटाशी झटत राहिले आणि मला म्हणाले, कोयता काठावर राहिलाय, घेऊन ये. मी वल्हं मारत निघाले. मलम नुकतंच लावलं होतं, दोन बोटं, रुंदीनं.

आत्याबाई दुपारी येणार होत्या. पण धनगराच्या म्हातारीनं त्यांना सांगितलं होतं की आसरा पहाटेचीच दिसते, दुपारी काय उपयोग. हे मला ठाऊक नव्हतं. होडी धुक्यातून बाहेर आली तेव्हा सात दगडांपुढं दोघी बसलेल्या होत्या. पुढं खण, नारळ, हिरव्या बांगड्या, पानावर दहीभात. धनगराच्या म्हातारीनं वर बघितलं, तिच्या घशातून शेळीसारखा आवाज आला आणि ती कपाळ मातीला टेकवून पडली. आत्याबाईंनी बघितलंच नाही. त्यांनी डोळे गच्च मिटून हात जोडले.

मी वल्हं उचलून धरलं. होडी आपली आपण काठाकडं सरकत राहिली.

"माय," आत्याबाई म्हणाल्या, "माझं लेकरू अन सून रोज तुझ्या अंगनात येतेत. त्यायला संबाळ. सून बोलत न्हाई, पन गुनाची हाय. ती आली तवापसून माझं लेकरू हासून राहिलं. तिच्यासाठी म्या एक हिवाळा वांगं सोडलं. तुला कमी वाटत असंल तर जलमभर सोडते. आजपसून तोंडात घेनार न्हाई. पन त्या दोगायला..."

जन्मभर. आसरांपुढं घातलेली शपथ आमच्याकडं कोणी मोडत नाही. मी आणखी एक क्षण गप्प बसले असते तर त्यांचं वाक्य पुरं झालं असतं.

"सोडू नका, आत्याबाई," मी म्हणाले.

आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडचे बगळे उडाले. आत्याबाईंचे डोळे उघडले. त्यांनी माझ्या पांढऱ्या तोंडाकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं, होडीच्या पुढच्या टोकाला पडलेल्या पोच्याकडं बघितलं. तो पोचा त्यांच्याच लेकानं पाडलेला होता.

"ऊठ गं," त्या धनगराच्या म्हातारीला म्हणाल्या. "आसरा न्हाई. आमचीच हाय."

धनगराची म्हातारी उठायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, आसरा घरच्या माणसाचं रूप घेते. आत्याबाई म्हणाल्या, रूप घेईल, पण माझ्या लेकाचा शर्ट कशाला घेईल.

मग मी काठावर उतरले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरचं बोट, वांग, वांगं, सूर्य, चिकटपट्टी, दहा ते चार. काठावर उभं राहून एवढं मी आयुष्यात बोलले नव्हते. मधेच थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं, म्हणून थांबलेच नाही. आत्याबाई ऐकत होत्या. उजवा कान माझ्याकडं होता.

"म्हंजी वांग्यानं काईच व्हत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"आन मी इतके दिस भेंडी गिळून राहिले."

मी खाली बघितलं.  दहीभाताभोवती मुंग्या यायला लागल्या होत्या, त्या आत्याबाईंनी एकेक करून बोटानं बाजूला केल्या. शेवटी म्हणाल्या, डॉक्टरनं ऊन सांगितलं तर काय करायचं मी ठरवलं होतं ते तुला माहीत आहे. मला माहीत होतं. चुलत दीर. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो मलाच नवा होता.

"तुमाला वांगं सोडून कसं झालं ते म्या रोज बघितलं," मी म्हणाले. "मला पानी सोडून तसंच व्हईल. घरात मी कोनाशी बोलू?"

 बोलली ती धनगराची म्हातारी. एवढ्यात ती उठून बसली होती आणि माझ्या तोंडाकडं निरखून बघत होती. ती म्हणाली, मी मेंढ्यांमागं जन्म उन्हात काढला, माझ्या तोंडाचं चामडं झालं, मला कोणी घरी बस म्हणालं नाही. मग तिनं विचारलं की हे पांढरं मेंढीच्या कानाला चालतं का, एक मेंढी अंगानं पांढरी आहे, तिचे कान उन्हानं सोलवटतात. आत्याबाईंना हसू आलं. ते त्यांनी पदरात लपवायचा प्रयत्न केला. तंबाखूसुद्धा त्या तशाच लपवतात, आणि तीही दिसते.

हसून झाल्यावर त्यांनी मला खाली बसवलं. थापलेला ढीग अजून गालांवर तसाच होता. त्यांनी अंगठ्यानं तो ओढला आणि खरखरीत हातांनी चोळायला सुरुवात केली. कपाळ, नाक, नाकाच्या खाली, हनुवटीच्या खाली, कान, कानामागं, मान. लहानपणी लेकराला तेल लावतात तसं, डोकं मागं ढकलून. एका तोंडाला एवढं लागतं व्हय, म्हणाल्या, यात तर अख्खी गल्ली निघेल. माझं सगळं तोंड झालं, गळा झाला, दोन्ही हातांच्या पाठी झाल्या, तरी उरलं. उरलेलं त्यांनी धनगराच्या म्हातारीच्या नाकाला पुसलं.

चोळता चोळताच त्यांनी ठरवून टाकलं, मला विचारलं नाही. रोज फटफटायच्या आत निघायचं आणि नऊच्या आत काठाला लागायचं. दहा ते चार पाण्यावर पाय ठेवायचा नाही. जाळं शिवायचं ते वडाच्या सावलीत. मलम घरीच लावायचं, त्यांच्या समोर, आरशात बघून. एक दिवस जरी नऊच्या पुढं गेलं तर दुसऱ्या दिवशी पुढं चुलत दीर. गल्लीला काय सांगायचं ते त्या बघून घेतील; वांग्याचं पथ्य एक हिवाळ्याचंच होतं, संपलं, एवढं पुरे. धनगराच्या म्हातारीनं आसरा दिसली ही गोष्ट परत घ्यायला साफ नकार दिला. दिसली ती दिसली, म्हणाली.

आणलेली ओटी परत न्यायची नसते. ती त्यांनी सात दगडांपुढंच भरली, आणि दहीभाताचा एक घास माझ्या हातावर ठेवला.

धुक्यातून मालकांच्या हाका येऊन राहिल्या होत्या. कधीपासून मारत होते कोण जाणे. मी होडीत उडी मारली आणि जोरात वल्हं मारत सुटले. खुंटापाशी पोचेपर्यंत ओरडून ओरडून सगळं सांगितलं, आत्याबाईंचा आवाज काढून, धनगराच्या म्हातारीचा काढून. आसरांपुढं त्या जे म्हणाल्या ते मात्र सांगितलं नाही. ते अजून सांगितलेलं नाही. मालक तराफ्यावर दोन्ही हातांनी जाळं धरून, मांड्यांपर्यंत भिजून बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरं झालं. आन कोयता?"

कोयता मी आणलाच नव्हता.

परत फिरले. काठ दिसायला लागला तेव्हा धुकं वर चढलं होतं आणि सूर्य लालसर वर येत होता. पाण्याच्या कडेला आत्याबाई उभ्या होत्या, एका हातात कोयता, दुसरा हात डोळ्यांवर धरलेला. "बिगीनं ये," त्या म्हणाल्या, "नऊ वाजायला किती राहिलेत ठावं हाय का?"